तपासणी माझीच राहिली होती

मी तपासणी केली नव्हती. केली, असं घरी सांगितलं होतं. त्या एका खोट्यावर आमच्या लग्नाची कितीतरी वर्षं उभी राहिली, आणि त्याचा सगळा भार माझ्या बायकोच्या शरीरानं उचलला.

मूल होत नाही म्हणून दवाखान्याच्या बाकांवर बसणाऱ्या जोडप्यांसाठी हे लिहितो आहे, त्यातही नवऱ्यांसाठी. मी डॉक्टर नाही. रायपूरला, बीरगांवजवळच्या एका रोलिंग मिलमध्ये शिफ्ट सुपरवायझर होतो. घर पुरानी बस्तीत. घरात आई, मी आणि वंदना. वंदनाचं माहेर गोंदियाचं. छत्तीसगढ राज्य नवीन झालं त्याच सुमाराला आमचं लग्न झालं. रायपूर राजधानी झाल्यामुळे चौकाचौकात नवीन नर्सिंग होम उघडत होती आणि प्रत्येकाच्या पाटीवर हसरं बाळ होतं. लग्नाला तीन वर्षं झाल्यावर मी त्या पाट्यांकडे बघणं सोडून दिलं. स्कूटर चालवताना नजर रस्त्यावरच ठेवायचो.

बाटली

पहिल्यांदा डॉक्टर मॅडमकडे गेलो तेव्हा त्यांनी सरळ सांगितलं, "पहले आपकी जाँच होगी. सबसे आसान वही है." वंदनानं माझ्याकडे पाहिलं. मी मान हलवली.

दुसऱ्या दिवशी एकटाच लॅबमध्ये गेलो. माणसांनी भरलेली खोली. काउंटरवरच्या बाईनं माझं नाव मोठ्यानं पुकारलं, हातात छोटी प्लास्टिकची बाटली दिली आणि म्हणाली, "सैंपल देना है न भैया? बाथरूम उधर है." खोलीतल्या सगळ्या माना माझ्याकडे वळल्या, असं मला वाटलं. कदाचित कोणीही पाहिलं नसेल.

बाथरूमची कडी नीट लागत नव्हती. मी पाठीनं दार दाबून उभा राहिलो. लाज होती, पण लाजेखाली भीती होती. समजा काही निघालं तर? माझ्या घराण्यात कोणाला काही झालेलं नव्हतं. मिलमध्ये भट्टीसमोर माझ्यासारखेच उभे राहणारे तीन-तीन पोरांचे बाप होते. तरी आतून कोणीतरी सांगत होतं की निघेल. ती रिकामी बाटली मी नळाच्या बाजूला ठेवली, बाहेर आलो आणि कोणाकडे न पाहता जिना उतरलो. चौकात चहा घेतला. रिपोर्टला जेवढा वेळ लागेल तेवढा वेळ बाहेर काढून घरी गेलो.

वंदना दारातच होती. "काय म्हणाले?"

"ठीक आहे सगळं."

मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. तिचा चेहरा उतरला. म्हणाली, "म्हणजे माझ्यातच आहे."

मी पायातले बूट काढत होतो. काढतच राहिलो. "नाही" असं म्हणायला एक क्षण मिळाला होता. तो मी बुटाच्या नाड्यांत घालवला.

वरण

त्यानंतर सगळे इलाज तिच्यावर झाले. मॅडमनी माझा रिपोर्ट मागितला तेव्हा मी सांगितलं की घराला चुना मारताना हरवला, पण नॉर्मल होता. त्यांनी विश्वास ठेवला. वंदनाच्या रक्ताच्या तपासण्या झाल्या. नळ्यांची एक तपासणी झाली, त्यातून ती भिंतीला धरून बाहेर आली. गोळ्यांनी अंगावर सूज यायची, डोकं दुखायचं, विनाकारण रडू यायचं. आईनं ओळखीतल्या कोणाकडून एक भुकटी आणली. ती घेतली की वंदनाला उलट्या व्हायच्या.

मी एकदा म्हटलं, "आई, मीही घेतो थोडी."

आईला डाव्या कानानं कमी ऐकू येतं. मला पुन्हा मोठ्यानं म्हणावं लागलं. ती हसली. "तुले कायले? माणसाले काय होते त्यात?"

त्याच वर्षी ब्राह्मणपाऱ्यात काकूंच्या घरी त्यांच्या सुनेचं डोहाळजेवण होतं. काकू म्हणजे माझ्या वडिलांच्या धाकट्या भावाची बायको, आमच्या घराण्यात शब्द त्यांचा चालतो. बायका आतल्या खोलीत होत्या, आम्ही पुरुष समोरच्या खोलीत. मधे नुसता पडदा. एकेक जण उठून सुनेची ओटी भरत होती. वंदनानं नारळ आणि तांदूळ घरून नेले होते. तिचा नंबर आला तेव्हा काकूंचा आवाज ऐकू आला, अगदी गोड.

"वंदना, तू जरा वरण पाह्य बेटा. उतू जाईल."

वरण केव्हाच उतरवलं होतं. पातेलं माझ्या समोर होतं, वाढायला आणून ठेवलेलं. आतल्या सगळ्या बायकांनाही ते ठाऊक होतं. वंदना उठली, स्वयंपाकघरात गेली आणि विझलेल्या शेगडीसमोर उभी राहिली. मला पडद्याच्या फटीतून तिची पाठ दिसत होती. मी पानावर बसून राहिलो. कोणीतरी मठ्ठा वाढला, तो प्यायलो.

घरी येताना स्कूटरवर तिच्या पिशवीतला नारळ माझ्या कमरेला लागत होता.

एक चांगली आठवणही सांगतो. आमच्या शेजारी एक छत्तीसगढी दीदी राहायच्या. कमरछठच्या सणाला त्यांच्या अंगणात बायका छोटी सगरी, म्हणजे खेळातलं तळं खणतात आणि लेकरांसाठी पूजा करतात. वंदना उपाशीच फाटकाशी उभी राहून पाहत होती, आत जायची तिची हिंमत नव्हती. दीदी उठून आल्या, तिचा हात धरला. "आ बहुरिया, तहूँ बइठ. छठ दाई ककरो ल नइ भगावय." म्हणजे, तूही बस, छठ माय कोणालाच हाकलत नाही. त्या दिवशी वंदनानं नांगर न लावता उगवलेल्या तांदळाचा भात खाऊन उपास सोडला आणि कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली. परक्या अंगणात तिला जागा मिळाली, माझ्या घराण्यात नाही. कारण तिथे माझं खोटं बसलेलं होतं.

पडद्याबाहेर

शेवटी मॅडम म्हणाल्या, दुर्बिणीनं आत पाहू. छोटं ऑपरेशन. सही करताना माझा हात थांबला. नर्स म्हणाली, "घबराइए मत, रोज होता है." आताही सांगता आलं असतं. पण आता सांगायचं म्हणजे मागचं सगळंच सांगायचं. खोटं जितकं जुनं होतं तितकं ते उपटायला जड जातं. मी सही केली.

वंदनाला आत नेताना ती म्हणाली, "तुम्ही चहा घेऊन घ्या. सकाळपासून काही खाल्लं नाही तुम्ही."

अर्ध्या तासात बाहेर येईल असं सांगितलं होतं. आली नाही. मग एक नर्स जवळजवळ पळत बाहेर आली आणि तिनं विचारलं, "इनके साथ कौन है? खून का इंतजाम रखिए." आत कुठेतरी रक्त वाहत होतं आणि थांबत नव्हतं.

त्या बाकावर मला जे झालं ते मी कोणाला नीट सांगू शकलेलो नाही. समोरच्या भिंतीवर हसऱ्या बाळाचं कॅलेंडर होतं आणि मला वाटत होतं की ते मला ओळखतं. ही आत मेली तर कोणाला कधीच कळणार नाही की हिला आत जायचं कारणच नव्हतं. लोक माझ्या खांद्यावर हात ठेवतील. काकू रडतील. आणि मी ते सांत्वन घेत बसेन. मरणाइतकीच भीती मला त्या सांत्वनाची वाटली.

रक्त मिळालं, चढवलं, आतलं वाहणं थांबलं. मॅडम बाहेर आल्या तेव्हा घामानं भिजल्या होत्या. म्हणाल्या, "अब ठीक हैं. अंदर भी सब ठीक है, नलियाँ खुली हैं. फिर बच्चा क्यों नहीं हो रहा, समझ में नहीं आता. आपका तो नॉर्मल था न?"

"मैडम, मैंने जाँच कराई ही नहीं थी."

त्या ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "उनको मैं नहीं बताऊँगी. आप बताएँगे. और कल सुबह लैब जाइए."

काय केलं

गेलो. कडी लागते की नाही हेही पाहिलं नाही. रिपोर्ट आला: शुक्राणूंची संख्या कमी, आणि जे आहेत तेही सुस्त. मॅडमनी विचारलं, काय काम करता, काय खाता, काय लावता. मी भट्टीचं सांगितलं. हिवाळ्यात आम्ही सगळे सुपरवायझर भट्टीच्या तोंडाशी लोखंडी स्टुलावर बसायचो, तापलेल्या स्टुलावर, पाठ शेकत. मग थोडा थांबून गुडाखूचं सांगितलं. तंबाखू आणि गुळाची ती काळी लगदी. इकडे सकाळी उठल्यावर दातांना लावतात. मी सकाळी लावायचो, जेवणानंतर लावायचो, मिलमध्ये लपून लावायचो. ती माझ्या हिशेबात व्यसनात नव्हती, दात घासण्यात होती.

मॅडम म्हणाल्या, नक्की कशामुळे हे कोणी सांगू शकणार नाही. पण नवीन बीज तयार व्हायला तीनेक महिने लागतात, तेवढे महिने शरीराला नीट वागवा, मग पुन्हा पाहू.

त्यामुळे जे "नैसर्गिक उपाय" लोक विचारतात, ते आमच्याकडे असे होते. गुडाखू बंद. पहिले पंधरा दिवस माझं डोकं ठिकाणावर नव्हतं, हिरड्या शिवशिवायच्या, आईवर खेकसायचो. वंदना पदराला बडीशेपेची पुरचुंडी बांधून ठेवायची आणि न बोलता माझ्या हातावर द्यायची. मिलमध्ये मी भट्टीवरून वजनकाट्यावर बदली मागून घेतली. ऑपरेटर म्हणाला, "क्या दिनेश भैया, अब बाबू बनोगे? ठंड लग रही है?" सगळे हसले. मी पण हसलो, पण गेलो. कढत पाण्यानं अंघोळ बंद, घट्ट जीनची पँट बंद. शनिवारची दारू बंद. जेवणात डाळ, भाजी, फळ, आणि रोज चालणं. वंदनाचं वजन गोळ्यांनी वाढलं होतं, तेही हळूहळू उतरलं. तिला मॅडमनी फॉलिक ॲसिड दिलं. भुकटी मी स्वतः नालीत टाकली.

आणखी एक गोष्ट, जी लिहायला संकोच वाटतो. कॅलेंडरवर खुणा करून आम्ही एकमेकांजवळ जायचो तेव्हा ते काम झालं होतं, ड्युटी. मॅडम म्हणाल्या, पाळीच्या मधल्या आठ-दहा दिवसांत एक दिवसाआड जवळ राहा, बाकी खुणा पुसून टाका. आम्ही कॅलेंडर स्वयंपाकघरात हलवलं. त्यानं सगळं लगेच सुधारलं नाही, पण कितीतरी दिवसांनी आम्ही अंधारात हसलो एकदा.

हे सगळे उपाय चांगले आहेत, करा. त्यात धोका नाही आणि खर्चही नाही. पण त्यांच्या आधी दोघांचीही तपासणी करा. आणि वर्षभर वाट पाहून झालं नाही, किंवा बायकोचं वय पस्तिशीच्या पुढे असेल, तर उपायांच्या नावाखाली डॉक्टरला टाळू नका. मी टाळणाऱ्यांतला होतो म्हणून सांगतो.

तलावाकाठी

या सगळ्यात मी वंदनाला खरं सांगितलंच नव्हतं. "मॅडमनी माझीही पुन्हा तपासणी करायला सांगितली," असं म्हणालो होतो. रिपोर्ट कमी आल्यावर म्हणालो, "मधल्या वर्षांत कमी झालं असेल, भट्टीमुळे." म्हणजे जुन्या खोट्याला नवीन ठिगळ. रोज ठरवायचो की आज सांगू, आणि रोज दुसऱ्याच गोष्टी काढायचो. ती सोडून जाईल, ही भीती होती. त्याहून मोठी भीती ही की ती सोडून जाणार नाही, घरातच राहील आणि माझ्याकडे पाहील.

संध्याकाळी आम्ही बूढ़ा तालाबच्या काठानं चालायला जायचो. टाके दुखायचे म्हणून ती हळू चालायची, मी तिच्याबरोबर. एके दिवशी तीच माझी समजूत काढायला लागली.

"एवढं मनाले लावून नका घेऊ. पहिले तुमचं ठीक होतं ना, तसं पुन्हा होईल. माझंच पहिल्यापासून खराब आहे, त्याले काय इलाज."

ऑपरेशनमध्ये काही निघालं नव्हतं, हे तिला सांगितलं होतं. तरी ती असं बोलत होती. इतकी वर्षं तिनं ते वाक्य स्वतःला म्हणून म्हणून पक्कं केलं होतं.

मी उभा राहिलो. म्हणालो, "पहिले तपासलंच नव्हतं."

"काय?"

"बाटली तिथंच ठेवून आलो होतो. तुला खोटं सांगितलं."

ती पाण्याकडे पाहत होती. मुलं कठड्यावर बसून मुरमुरे खात होती. तिनं एकच विचारलं. "ऑपरेशनच्या दिवशी माहीत होतं तुम्हाले?"

"हो."

"आणि मी तुम्हाले चहा घ्या म्हणून राहिली होती."

ती पुढे चालायला लागली. हळूहळूच, पण मी मागे राहीन इतकी पुढे. दुसऱ्या दिवशी ती गोंदियाला गेली. आईला सांगितलं, भावाकडे जाऊन येते.

ते दिवस माझ्या आजारपणातले सगळ्यात वाईट. आजारपण म्हणतो, कारण ते माझंच होतं. आई विचारायची, "काहून नाही येऊन राहिली?" मी म्हणायचो, येईल, आणि गोंदियाला माफीच्या चिठ्ठ्या पाठवत राहायचो. फोनची घंटी वाजली की हातातलं टाकून धावायचो.

एके दुपारी तिचा फोन आला.

"मी येते," ती म्हणाली. "पण एक ऐका. मले माफी मागून राहिले तुम्ही, चिठ्ठ्या पाठवून राहिले. मले कायले? मले तर माहीत झालं आता. ज्यांनी मले वरण पाहायले पाठवलं, त्यांच्यासमोर सांगा."

"वंदना, बायकांमध्ये..."

"मी पण बायकांमध्येच होती."

आमचं पुढे

तिसऱ्या महिन्यानंतरचा माझा रिपोर्ट सुधारला, पूर्ण नाही. पुढे आणखी काही औषधं लागली, दोघांनाही. मूल लगेच झालं नाही. एकदा दिवस गेले आणि राहिले नाहीत, त्याबद्दल मी इथे लिहिणार नाही, ते दुःख वंदनाचं आहे आणि तिनं परवानगी दिलेली नाही. त्यानंतर आमची मुलगी झाली. कशानं झाली, गुडाखू सोडल्यानं, वजनकाट्यावर बसल्यानं, औषधानं की नुसत्या वेळेनं, मला ठाऊक नाही. कोणी छातीठोकपणे सांगत असेल तर त्याच्यापासून जपून राहा. तिच्या जन्मापर्यंत माझी एक रात्र बिनभीतीची गेली नाही.

पण मला जे सांगायचं आहे ते मुलीच्या आधीचं आहे. तेव्हा हातात काहीच नव्हतं, देऊन फेडता येईल असं काहीही नव्हतं.

ब्राह्मणपाऱ्यात

वंदना परत आली तेव्हा संक्रांत जवळ आली होती. काकूंकडे हळदीकुंकू असतं, आमच्या नात्यातल्या आणि ओळखीच्या सगळ्या बायका येतात. आईला आणि वंदनाला मी स्कूटरवर एकेक करून सोडलं. मग समोरच्या खोलीत बसलो. तोच पडदा. आतून बांगड्यांचा आणि हसण्याचा आवाज येत होता. दार उघडं होतं, स्कूटर बाहेर होती. गुपचूप निघून जाणं मला येत होतं, लॅबमध्ये मी ते केलेलं होतं.

मी पडदा बाजूला केला.

सतरंजीवर पंचवीसेक बायका. काकू करंडा घेऊन मधोमध. "अरे दिनू, इकडे कुठं येऊन राहिला? तुले तीळगूळ बाहेर पाठवते, बस तिकडे."

कोणीतरी म्हणालं, "कुंकू लावायचं असन त्याले." हशा झाला.

वंदना भिंतीजवळ आईच्या बाजूला बसली होती. तिनं मान वर केली नाही.

"काकू, एक सांगायचं आहे," मी म्हणालो. "आम्हाला मूल होत नाही, त्यात वंदनाचा दोष नाही. तिच्या सगळ्या तपासण्या चांगल्या आहेत. दोष माझ्यात निघाला. मी माझी तपासणी केलीच नव्हती आणि केली म्हणून खोटं सांगितलं होतं. त्यामुळे तिचं ऑपरेशन झालं, त्यात ती मरता मरता वाचली. आणि या घरात तिला ओटी भरू दिली नाही, तेव्हा मी बाहेर बसून जेवत होतो."

हसू थांबलं होतं. काकूंच्या हातातला करंडा तसाच राहिला. त्या काही म्हणायला गेल्या, "अरे, पण मी तर वरण..."

मी वंदनाकडे वळलो. "वंदना, मी तुझा गुन्हेगार आहे. मला माफ कर."

वंदनानं आता माझ्याकडे पाहिलं. तिचे डोळे कोरडे होते. तिनं आईकडे पाहिलं. आई सगळ्यांच्या चेहऱ्यांकडे बघून काय झालं ते समजून घ्यायचा प्रयत्न करत होती. वंदना शांतपणे म्हणाली, "आईंच्या डाव्या बाजूनं बोलले तुम्ही. त्यांना ऐकू नाही आलं. पुन्हा सांगा."

मी सतरंजीवरून चालत आईच्या उजव्या बाजूला गेलो, खाली बसलो, आणि पहिल्यापासून, मोठ्यानं, पुन्हा सांगितलं.